मदन थिएटर्स : चित्रगृहांच्या एका साखळीचा उदयास्त

चित्रपटाच्या इतिहासांत नटनटींचीं नांवें लोकांच्या तोंडीं असतात. दिग्दर्शकांचीं नांवें रसिकांच्या ध्यानांत राहतात. आणि ज्यानें या देशांत पहिला कथापट काढला त्याचें नांव शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असतें. परंतु ज्या घरांत बसून हे पट पाहावयाचे तें घर कोणाचें होतें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तिकीट काढून आंत जाणाऱ्या माणसाला त्याची गरजहि भासत नाहीं. पडदा स्वच्छ असला, खुर्ची मोडकी नसली आणि चित्र मध्येंच तुटलें नाहीं, म्हणजे त्याचें समाधान होतें. तथापि कोणतें चित्र कोणत्या गांवांत, किती दिवस आणि किती आण्यांना दिसावयाचें, हें बहुधा त्या घराचा धनी ठरवीत असतो. हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिंहलद्वीप मिळून अशीं शंभराहून अधिक घरें एका छत्राखालीं आणणाऱ्या घराण्याचा मूळ पुरुष मुंबईंत जन्मला आणि कलकत्त्यास नांवारूपास आला. त्याचें नांव जमशेटजी फ्रामजी मदन.

‘साखळी’ हा शब्द या धंद्यांत एका विशिष्ट अर्थानें वापरला जातो. निरनिराळ्या गांवांतील अनेक चित्रगृहें एकाच मालकाच्या हातीं असलीं, त्यांना चित्रें एकाच कचेरींतून पुरविलीं जात असलीं आणि त्यांचा जमाखर्च शेवटीं एकाच खतावणींत उतरत असला, म्हणजे ती साखळी झाली. अमेरिकेंत अशा मोठ्या साखळ्या चित्रें काढणाऱ्या बड्या कंपन्यांच्याच मालकीच्या होत्या. मदनांची साखळी तशी नव्हती. तिच्यामागें हॉलिवुडचें भांडवल नव्हतें. नाटकाचीं तिकिटें विकून आणि वाणसामानाचा व्यापार करून मिळविलेल्या पैशांतून ती उभी राहिली. म्हणूनच तिचा उदय जितका मनोरंजक आहे, तितकाच तिचा अस्त विचार करावयास लावणारा आहे.

ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या प्रतिनिधीनें चलच्चित्रांचा या देशांतील पहिला खेळ केला. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं मुंबईंत कुस्तीचें चित्र घेतलें. या प्रयत्नांत चित्र होतें, यंत्र होतें, प्रेक्षकहि होते. नव्हतें तें घर. खेळ कधीं एखाद्या नाटकगृहांत होई, कधीं भाड्यानें घेतलेल्या दिवाणखान्यांत, आणि पुष्कळदां मोकळ्या मैदानावर ठोकलेल्या तंबूंत. अब्दुलअली युसुफअली नांवाच्या उद्योगी गृहस्थानें १९०१ पासून कांहीं वर्षें असाच एक तंबू घेऊन ब्रह्मदेश, सिंगापूर, जावा, सुमात्रा असा प्रवास केला व मग तो हिंदुस्थानांत परतला.

तंबू कां, हें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण या साऱ्या इतिहासाची किल्ली तेथेंच आहे. त्या काळीं चित्रें भाड्यानें मिळत नसत. रोख पैसे मोजून विकत घ्यावीं लागत. एकेक चित्र दोन-चार मिनिटांचें असे. आगगाडी स्टेशनांत येते, सैनिक कवायत करतात, समुद्राची लाट किनाऱ्यावर फुटते, असे दहाबारा तुकडे मिळून एक रात्र साजरी होई. एका गांवांतल्या हौशी लोकांनीं ते दोनदां पाहिले, कीं तिसऱ्यांदां कोणी पैसे देईना. मग मालकानें नवीं चित्रें आणावयाचीं, कीं नवे लोक शोधावयाचे? चित्रें महाग होतीं, लोक पुढच्या गांवीं फुकट होते. तंबू उपटून बैलगाडींत किंवा आगगाडींत टाकावयाचा आणि पुढचें गांव गांठावयाचें, हाच शहाणपणाचा मार्ग होता. तंबूंत चित्र तेंच राहतें आणि प्रेक्षक बदलतात. पक्क्या घरांत प्रेक्षक तेच राहतात आणि चित्र बदलावें लागतें. या एका फरकांतून पुढील सारा व्यापार जन्मास आला.

जमशेटजी मदन यांना हा फरक लवकर उमगला, याचें कारण त्यांचें पूर्वायुष्य. मुंबईच्या पारशी समाजांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नाटकाचें मोठें वेड होतें. त्या वातावरणांत लहान वयांतच त्यांनीं एल्फिन्स्टन नाटकमंडळींत उमेदवारी केली. पारशी कंपन्यांचा कारभार केवळ हौसेवर चालत नसे. पडदे, पोशाख, नटांचे पगार, आगगाडीचें भाडें, गांवोगांवच्या नाटकगृहांचा करार, तिकिटांच्या निरनिराळ्या दरांचा हिशेब या सर्वांचें एक पक्कें शास्त्र त्यांनीं बनविलें होतें. त्यांच्या फिरत्या मोहिमा रंगून-सिंगापूरपर्यंत जात. प्रेक्षक कोणत्या गांवांत किती दिवस टिकतो, चार आण्यांच्या जागेवर बसणारा माणूस कशाला टाळ्या देतो आणि खुर्चीवरचा साहेब कशानें कंटाळतो, याचें ज्ञान या शाळेंत जितकें मिळे तितकें अन्यत्र मिळणें कठीण होतें.

पुढें मदन यांनीं कलकत्त्यास बिऱ्हाड हलविलें. कलकत्ता तेव्हां ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होतें. दिल्लीला राजधानी हलविण्याची घोषणा व्हावयास १९११ साल उजाडावयाचें होतें. गोरे अधिकारी, लष्कर, बंदरावर येणारे खलाशी, मारवाडी व्यापारी, सुशिक्षित बंगाली समाज आणि गिरण्या-गोद्यांतून काम करणारे हिंदी भाषक मजूर अशी बहुरंगी वस्ती तेथें होती. मदनांनीं मद्य, औषधें व इतर विलायती माल यांचा व्यापार वाढविला. ज्या एल्फिन्स्टन मंडळींत त्यांनीं उमेदवारी केली, तीच त्यांनीं विकत घेतली. कलकत्त्याचें कोरिंथियन नाटकगृहहि त्यांच्या हातीं आलें. म्हणजे चित्रपटाच्या धंद्यांत शिरण्यापूर्वींच त्यांच्यापाशीं तीन गोष्टी होत्या : खेळत्या पैशाचा झरा, शहरांतील मोक्याच्या जागांची पारख आणि प्रेक्षकांची नाडी.

१९०२ सालीं त्यांनीं फ्रान्सच्या पाथे कंपनीचीं यंत्रें घेऊन कलकत्त्याच्या मैदानावर तंबूंत बायस्कोपचे खेळ सुरू केले. आरंभ इतरांसारखाच होता. पुढचें पाऊल मात्र वेगळें पडलें. १९०७ सालीं चौरंगीजवळ ‘एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस’ हें कायमचें चित्रगृह उभें राहिलें. कलकत्त्यांतील हें पहिलें पक्कें चित्रगृह होय. तंबू पावसाळ्यांत बंद ठेवावा लागे, वाऱ्यानें फडफडे, आणि प्रतिष्ठित कुटुंबांतील स्त्रियांना तेथें येण्यास संकोच वाटे. पक्क्या घरांत बाराहि महिने खेळ चालतो. दरवाज्यावर दिवे लावतां येतात. स्वतंत्र बैठका, सज्जे, उपाहाराची सोय करतां येते. लोकांना ठराविक वेळीं, ठराविक जागीं येण्याची संवय लागते. आणि संवय हें करमणुकीच्या धंद्यांतलें सर्वांत मोठें भांडवल होय.

परंतु घर बांधल्याबरोबर दुसरी अडचण पुढें येते. त्याच गांवांतले तेच लोक पुन्हां पुन्हां यावयास हवे असतील, तर चित्र आठवड्याला एकदां तरी, आणि पुष्कळदां दोनदां, बदललें पाहिजे. एकाच घरासाठीं वर्षाकांठीं पन्नास-शंभर चित्रें आणणें कोणालाहि परवडणारें नव्हतें. यावर तोड एकच : घरें वाढवावयाचीं. एक प्रत पहिल्यानें शहरांतील मोठ्या चित्रगृहांत दाखवावयाची, मग त्याच शहरांतल्या दुय्यम चित्रगृहांत, नंतर जिल्ह्याच्या गांवीं, त्यानंतर लष्करी छावणींत, आणि शेवटीं ओरखड्यांनीं भरलेली ती प्रत एखाद्या दूरच्या गांवीं. प्रत्येक पायरीवर तिकीट स्वस्त होई. पण प्रतीची किंमत पहिल्या एकदोन पायऱ्यांवरच वसूल झालेली असल्यामुळें पुढला प्रत्येक आणा नफ्यांत पडे. एका चित्रगृहाच्या मालकाला जें चित्र महाग, तेंच वीस चित्रगृहांच्या मालकाला स्वस्त. साखळी ही महत्त्वाकांक्षेपेक्षां या साध्या त्रैराशिकानें वाढत गेली.

पहिल्या महायुद्धानें तिला आणखी बळ दिलें. युद्धापूर्वी पडद्यावर फ्रेंच चित्रांचें राज्य होतें. युद्धांत यूरोपांतील चित्रशाळा थंडावल्या आणि अमेरिकन चित्रांचा लोंढा सुरू झाला. १९१६ सालीं युनिव्हर्सल या अमेरिकन कंपनीनें हिंदुस्थानांत आपली कचेरी उघडली. अमेरिकन चित्राचा खर्च अमेरिकेंतच वसूल झालेला असे. त्यामुळें तें येथें अगदीं अल्प भाड्यानें देतां येई. ज्याच्यापाशीं पुष्कळ चित्रगृहें, त्याला ही चित्रें घाऊक भावानें मिळत. मदनांनीं संधि साधली. १९१९ सालीं या व्यवसायाला ‘मदन थिएटर्स लिमिटेड’ असें मर्यादित कंपनीचें रूप मिळालें.

चित्रें दाखविणारा मनुष्य कधीं ना कधीं चित्रें काढूं लागतो. ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला, आणि आपल्या पुराणांतलीं माणसें पडद्यावर पाहावयास लोक किती आतुर आहेत हें सर्वांना कळून चुकलें. मदनांच्या मंडळीनें १९१७ सालीं कलकत्त्यांत ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ हा पट काढला. १९१९ च्या नोव्हेंबरांत ‘बिल्वमंगल’ झळकला. १९२० सालीं ‘नल दमयंती’ आला. त्याचा दिग्दर्शक एक इटालियन गृहस्थ होता आणि दमयंतीची भूमिका पेशन्स कूपर या नटीनें केली. नाटकांच्या संहिता, नाटककार, नट, पडदे रंगविणारे कारागीर हा सर्व सरंजाम घरांतच होता. आगा हश्र काश्मिरी यांच्यासारखा विख्यात उर्दू नाटककार याच मंडळीसाठीं लिहीत असे. अशा रीतीनें चित्र काढणें, तें वांटणें आणि तें दाखविणें हीं तिन्हीं कामें एकाच घराण्याच्या हातीं आलीं.

१९२३ सालीं जमशेटजी मदन वारले. कारभार त्यांचे चिरंजीव जीजीभाई यांनीं हातीं घेतला व साखळी अधिकच लांबत गेली. सरकारनें १९२७ सालीं जेव्हां चित्रपटव्यवसायाच्या चौकशीसाठीं एक समिति नेमली, तेव्हां देशांतील कायम चित्रगृहांची संख्या तीनशेच्या आसपास होती. एकाच कंपनीच्या हातीं त्यांपैकीं एवढा मोठा हिस्सा असणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

येथें या इतिहासांतला खरा प्रश्न उभा राहतो. एखाद्यानें पदरचे पैसे घालून घरें बांधलीं, उत्तम ठेवलीं, लोकांना चार आण्यांत जगाचें दर्शन घडविलें, यांत आक्षेपार्ह तें काय? प्रेक्षकाच्या बाजूनें पाहिलें तर फारसें कांहीं नाहीं. पण ज्यानें घरदार गहाण टाकून चित्र काढलें आहे, त्याच्या बाजूनें पाहिलें म्हणजे निराळें दिसतें. चित्र डब्यांत बंद असेतोंवर त्याची किंमत शून्य. तें लोकांपुढें जाण्यास दार हवें. ज्या गांवांतलीं बरींशीं दारें एकाच धन्याचीं आहेत, आणि तो धनी स्वतःहि चित्रें काढतो व परदेशी चित्रें घाऊक घेऊन बसला आहे, त्या गांवांत इतरांच्या चित्राला जागा कोणती, वेळ कोणती आणि भाडें किती, याचा निकाल त्याच्याच हातीं राहतो. वाईट बुद्धीची त्याला आवश्यकताहि नाहीं. स्वतःचा माल आधीं खपावा ही स्वाभाविक इच्छा पुरेशी आहे.

दिवाण बहादूर टी. रंगाचारियर हे त्या समितीचे अध्यक्ष होते. समितीनें देशभर फिरून साक्षी घेतल्या. दादासाहेब फाळके यांचें म्हणणेंहि तिच्यापुढें आलें. मदन थिएटर्सच्या मक्तेदारीविषयीं अनेक तक्रारी तिच्या कानांवर पडल्या. सर्व देशावर त्या कंपनीची खरीखुरी मक्तेदारी आहे असें मात्र समितीला वाटलें नाहीं. तिला जें विशेष जाणवलें तें हें, कीं पडद्यावर दिसणाऱ्या चित्रांपैकीं फार मोठा भाग परदेशी, आणि त्यांतहि अमेरिकन होता. म्हणून १९२८ च्या अहवालांत समितीच्या हिंदी सभासदांनीं अशी शिफारस केली कीं, प्रत्येक चित्रगृहानें कांहीं ठराविक प्रमाणांत हिंदी चित्रें दाखविलीं पाहिजेत. यूरोपियन सभासदांनीं या सूचनेला विरोध केला, आणि सरकारनें अहवाल बांधून ठेवला. परंतु दाराचा मालक कोणीहि असला तरी त्या दारावर समाजाचा कांहीं हक्क आहे, हें तत्त्व या देशांत प्रथम त्या अहवालांत स्पष्टपणें लिहिलें गेलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

पश्चिम हिंदुस्थानांतील परिस्थिति याहून भिन्न होती, आणि मराठी माणसाच्या चित्रपटाला तिचा मोठाच लाभ झाला. मुंबई-पुण्याकडे मदनांचा शिरकाव झाला नव्हता असें नाहीं. पण तेथील सारीं दारें एका किल्लीनें उघडत नव्हतीं. कॉरोनेशन चित्रगृह नानाभाई चित्रे यांचें. तेथें १९१२ सालीं दादासाहेब तोरणे यांचें ‘पुंडलिक’ लागलें, आणि पुढल्याच वर्षीं फाळक्यांचा हरिश्चंद्र. पुण्यास गंगाधर नरहर पाठक यांनीं १९१५ सालीं ‘आर्यन’ चित्रगृह उघडलें. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ १९२० सालीं तेथेंच पुणेकरांनीं पाहिली. एका मालकानें नाकारलें तर दुसऱ्याकडे जाण्याची वाट मोकळी होती. तंबूवाले अब्दुलअली युसुफअली यांनींहि अर्देशीर इराणी यांच्याशीं भागीदारी करून मुंबईंत अलेक्झांड्रा चित्रगृह घेतलें आणि पुढें १९१८ सालीं मॅजेस्टिक बांधलें. याच मॅजेस्टिकमध्यें ता. १४ मार्च १९३१ रोजीं इराणींचा ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट प्रकट झाला. अनेक लहान दारें असलीं म्हणजे नव्या साहसाला कोठें तरी प्रवेश मिळतो, याचीं हीं ठळक उदाहरणें होत.

बोलपटाच्या आगमनाची सूचना मात्र मदनांनींच सर्वांआधीं ओळखली होती. १९२९ सालीं कलकत्त्याच्या एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेसमध्यें त्यांनीं ‘मेलडी ऑफ लव्ह’ हा अमेरिकन बोलपट दाखविला. बोलणारें चित्र या देशांत रीतसर दाखविलें गेलें, तें पहिल्यानें तेथें. त्यांनीं स्वतः बोलपट काढण्याचीहि सिद्धता केली. ‘आलम आरा’पाठोपाठ काहीं आठवड्यांतच, १९३१ सालींच, त्यांची ‘जमाई षष्ठी’ ही बंगाली भाषेंतली पहिली बोलकी कृति बाहेर पडली. मास्टर निसार व कज्जन यांच्या गायनानें गाजलेला ‘शीरीन फरहाद’ही त्याच वर्षींचा. १९३२ सालीं त्यांनीं ‘इंद्रसभा’ काढला. त्यांत सुमारें सत्तर गाणीं होतीं. पारशी रंगभूमीनें जमविलेलें संगीताचें भांडार त्यांनीं पडद्यावर मोकळ्या हातानें उधळलें. नव्या युगाची चाहूल सर्वांआधीं लागलेली, गाणारे-लिहिणारे पदरीं असलेले, चित्रगृहें सर्वांहून अधिक. मग या कंपनीला घरघर लागावी कां?

उत्तर तिच्या बळांतच दडलेलें होतें. मूकपटाच्या काळीं चित्रगृहाला लागावयाचें तें फार थोडें : एक यंत्र, एक पडदा, बांकें-खुर्च्या, आणि पडद्याखालीं बसणारा पेटी-तबलेवाला. जितकीं घरें अधिक तितका नफा अधिक, हें त्रैराशिक तेथें बिनचूक लागू पडे. ध्वनि आला आणि हिशेब उलटला. आतां प्रत्येक घरांत नवें यंत्र, ध्वनिवर्धक, कर्णे, विजेची नवी व्यवस्था आणि घुमणाऱ्या भिंतींवर उपाय करणें प्राप्त झालें. हीं यंत्रें अमेरिकेंतून यावयाचीं. त्यांच्या किंमती व अटी जबर होत्या. ज्याचें एक चित्रगृह होतें त्यानें कर्ज काढून एक यंत्र बसविलें व तो मोकळा झाला. ज्याचीं शंभर होतीं त्याला शंभर यंत्रें हवीं होतीं; आणि जीं घरें मुकीं राहतील, तीं दुसऱ्या दिवसापासून ओस पडणार होतीं. चित्र बदलून भागत होतें तोंपर्यंत साखळी फायद्याची होती. घरच बदलण्याची पाळी आली तेव्हां तिची प्रत्येक कडी कर्जाची झाली.

त्यांतच १९२९ सालीं सुरू झालेली जागतिक मंदी हिंदुस्थानांत येऊन पोंचली होती. तागाचे भाव कोसळले, बंगालचा व्यापार मंदावला, आणि करमणुकीसाठीं खिशांत हात घालणारा माणूस दोनदां विचार करूं लागला. करमणुकीवरचा कर बंगालमध्यें १९२२ पासून व मुंबई इलाख्यांत १९२३ पासून होताच. परदेशी कंपन्या येथें स्वतःच्या कचेऱ्या उघडून आपलीं चित्रें थेट वांटूं लागल्या. त्यामुळें घाऊक खरेदीचा जुना लाभहि उरला नाहीं. बोलपटानें आणखी एक गोष्ट केली. मूकपटाला भाषा नव्हती. एकच प्रत लाहोरपासून रंगूनपर्यंत चालत असे. बोलपट हिंदी झाला, बंगाली झाला, मराठी झाला, तमिळ झाला. आणि एका प्रतीनें सर्व देश पालथा घालण्याचे दिवस संपले. चोहोंकडून अशा लाटा आल्या असतां विस्तीर्ण पण कर्जबाजारी साखळीला तग धरणें अशक्य झालें. तिसाव्या दशकाच्या आरंभींच मदनांनीं आपलीं चित्रगृहें हातावेगळीं करण्यास सुरुवात केली, आणि तें दशक संपण्यापूर्वीं त्यांच्या चित्रनिर्मितीचाहि शेवट झाला. उभारणीस पंचवीस वर्षें लागली. मोडणीस चारपांच पुरलीं.

मदनांची जागा रिकामी राहिली नाहीं. कलकत्त्यांत बी. एन. सरकार या तरुण इंजिनिअरनें १९३० च्या अखेरीस ‘चित्रा’ हें चित्रगृह उघडलें आणि १९३१ सालीं ‘न्यू थिएटर्स’ स्थापन केली. इकडे १९२९ सालीं कोल्हापुरांत निघालेली ‘प्रभात’ १९३३ सालीं पुण्यास आली. या मंडळींचें सामर्थ्य घरांच्या संख्येंत नव्हतें. आपलें चित्र इतकें चांगलें व्हावें कीं दारवाल्यानेंच तें मागून घ्यावें, ही त्यांची उमेद होती. दशकभर ती खरीहि ठरली. दारें विखुरलेलीं होतीं म्हणूनच हें शक्य झालें, हें मात्र विसरतां कामा नये.

हा प्रश्न केवळ हिंदुस्थानचा नव्हता. अमेरिकेंत चित्रें काढणाऱ्या बड्या कंपन्यांनींच चित्रगृहें बळकावलीं होतीं. १९४८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पॅरामाउंट व इतर कंपन्यांविरुद्ध निकाल दिला, आणि निर्मितीचा व प्रदर्शनाचा धंदा त्यांना वेगळा करावा लागला. त्या निकालानुसार घातलेले निर्बंध २०२० सालीं उठविण्यांत आले. येथें रंगाचारियर समितीनें विचारलेला प्रश्नहि पुनःपुन्हां डोकें वर काढीत राहिला. २०१५ सालीं महाराष्ट्र शासनानें बहुपडदा चित्रगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ मिळालीच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हां त्यावर मोठा वाद माजला. व्यापाराच्या स्वातंत्र्याची बाजू एकीकडे आणि आपल्याच भूमींत आपल्या भाषेच्या चित्राला दार मिळावें ही मागणी दुसरीकडे, असा तो वाद होता. २०२३ सालीं पीव्हीआर व आयनॉक्स या देशांतील दोन सर्वांत मोठ्या बहुपडदा साखळ्या एकत्र झाल्या. शंभर वर्षांपूर्वींचें तें त्रैराशिक अजूनहि आपलें काम करीत आहे.

मदन घराण्याविषयीं न्यायानें बोलावयाचें तर दोन्ही पारडीं तोललीं पाहिजेत. त्यांनीं चित्रपटाला मैदानावरच्या तंबूंतून काढून पक्क्या घरांत बसविलें; गांवोगांवच्या लोकांना नियमानें चित्र पाहण्याची संवय लावली; आणि परदेशी पैशाच्या आधारावांचून एवढा मोठा उद्योग हिंदी माणसाला चालवितां येतो हें सिद्ध केलें. त्याचबरोबर, पुष्कळ दारांची किल्ली एका हातीं गेली म्हणजे इतरांचा श्वास कोंडतो, आणि शेवटीं त्या हातालाहि तें ओझें पेलत नाहीं, हा धडाहि त्यांनींच मागें ठेवला. कलकत्त्याचें ‘एल्फिन्स्टन पिक्चर पॅलेस’ पुढें ‘मिनर्व्हा’ झालें, त्यानंतर ‘चॅप्लिन’ झालें, आणि २०१३ सालीं ती वास्तु पाडण्यांत आली. शहराच्या मध्यभागीं मदन यांच्या नांवाचा एक रस्ता मात्र आहे. ज्यानें लोकांना अंधारांत बसून एकाच पडद्याकडे पाहावयास शिकविलें, त्याची आठवण त्या पाटीवर राहिली आहे.